पीळ

१

आकांक्षा भविष्य सांगत नसे. हे ती प्रत्येकीला आधीच सांगून टाकी, कारण आष्टीत भविष्य सांगणाऱ्यांची वानवा नाही. आठवडी बाजारात पोपटवाला बसतो, देवळामागं हात बघणारे महाराज आहेत, आणि कुणाचंच पटलं नाही तर शेजारीण असतेच. आकांक्षाकडं टॅरोची पानं होती, लॅपटॉप होता, पांढऱ्या उजेडाचा गोल दिवा होता आणि मानसशास्त्राची पदवी होती. "पान तुमचं नशीब सांगत नाही," ती म्हणायची, "पान प्रश्न विचारतं. उत्तर तुम्ही द्यायचं." बायकांना हे फार आवडायचं. नशीब सांगणारे घरात पुष्कळ असतात, विचारणारं कुणी नसतं.

दुपारी जेवणं उरकली आणि आई लवंडली की ती मागच्या खोलीत येई, दार लोटून घेई आणि दिवा लावी. मागं पांढरी भिंत, पुढं ती. पडद्यावर खोली चांगली ऐसपैस दिसायची.

त्या दिवशी समोर तृप्ती होती. परभणीची, बालवाडीत शिकवणारी, आणि एका माणसात अडकलेली. तो माणूस लग्नही करत नव्हता आणि सोडतही नव्हता. तृप्तीच्या नावानं पान उघडलं ते पंधरावं निघालं, सैतानाचं. वर शिंगं असलेला कुणी बसलेला, खाली एक बाई आणि एक पुरुष, दोघांच्या गळ्यात साखळी.

तृप्तीचा चेहरा उतरला. "ताई, हे तर वाईट आहे ना?"

"ह्या पानाला लोक उगाच भितात. शिंगवाल्याकडं बघूच नका, खाली बघा. साखळी केवढी ढिली आहे बघा. डोक्यावरून सहज निघेल. कुणी धरलेलंही नाही त्यांना. तरी उभे आहेत. का उभे असतील?"

तृप्तीनं पान निरखलं. मग म्हणाली, "सवय झाली असेल."

"ह्यालाच आसक्ती म्हणायचं. आणि तो शिंगवाला बाहेरून आलेला नाही, ती आपलीच सावली आहे. स्वतःतलं जे बघवत नाही ते मागं टाकतो आपण, आणि मग ते मागंच उभं राहतं." आकांक्षा हे नेहमी म्हणायची आणि नेहमीच चांगलं म्हणायची. मग तिनं ठरलेला गृहपाठ दिला. काळ्या दोऱ्याचा सैल फास करायचा, दिवसभर गळ्यात वागवायचा, संध्याकाळी आपल्या हातानं डोक्यावरून काढायचा आणि जाळून टाकायचा. "जाळला की संपला," ती म्हणाली.

तृप्तीनं डोळे पुसले आणि हसली. "म्हणून तुम्ही तो मागं लटकवलाय का, ताई? छान दिसतोय. अगदी पानातल्यासारखा."

आकांक्षानं वळून पाहिलं. भिंतीवर काही लटकवलेलं नव्हतं. लटकवायला साधा खिळासुद्धा नव्हता. पण भिंतीवर सावली होती. वरून बारीक रेघ खाली आलेली, आणि रेघेच्या टोकाला एक फास.

"दिव्याची वायर असेल," ती म्हणाली.

२

ही खोली म्हणजे मूळचा गोठा. वडील होते तोवर इथं बैलजोडी होती, एक गाय होती, वासरं होती. सोमेश्वरराव गेले, जमीन बटईनं दिली, जनावरं एकेक करून विकली गेली आणि गोठा रिकामा पडला. सासर सोडून आल्यावर आकांक्षानं तिथं फरशी घातली, खुंटे उपटले, भिंतींना पांढरा रंग मारला. ढगाळ हवेत शेणामुताचा वास अजून यायचा, पण वास काही पडद्यावर दिसत नाही.

रंग देण्याआधी भिंतीत एक लाकडी मेख होती आणि मेखेवर दाव्यांचा गठ्ठा. घरातून गेलेल्या प्रत्येक जनावराचं दावं. आपल्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, देणारा आपलं डोक्यावरून काढून ठेवून घेतो. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. ह्या घरात बरकत कुठं दिसत नव्हती, दावी तेवढी उरली होती.

तिनं ती शेजारच्या तातेरावांना देऊ केली. तातेरावांनी दोन्ही हात मागं घेतले.

"दुसऱ्याचं दावं घेत न्हाईत, पोरी. अन् तसंच टाकू बी नको. आधी गाठी सोड, मंग काय करायचं ते कर."

गाठी जुन्या, तेलामातीनं दगड झालेल्या. रंगारी शिडी लावून ताटकळत होता. कोण बसतंय नखं मोडून घेत? तिनं सगळा गठ्ठा उकिरड्यावर नेला आणि पेटवून दिला. जळून गेल्यावरही राखेत दावी जशीच्या तशी पडलेली दिसत होती, पीळसुद्धा शाबूत. तिनं काडीनं ती राख ढोसली, तेव्हा कुठं ती मोडली.

हे सगळं तिला त्या दुपारी आठवलं, पण भिण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. शिकलेल्या माणसाचं असं असतं की भीती वाटायच्या आधी तो कारण शोधतो. तिनं दिवा बंद केला, सावली गेली. दिवा लावला, सावली आली. तिला हायसं वाटलं. उजेडानं येते आणि उजेडाबरोबर जाते म्हणजे ती कशाची तरी सावली आहे. मग तिनं वायर गुंडाळून ठेवली. खिडकीच्या पडद्याची नाडी काढली. स्वतःची ओढणी काढून बाजेवर टाकली. शेवटी दिवाच उचलून डावीकडं नेला. स्टुलाची सावली उजवीकडं सरकली, लॅपटॉपची सरकली, तिची स्वतःची सरकली. फास होता तिथंच राहिला.

रंगाचा डाग असेल म्हणून तिनं भिंतीवरून हात फिरवला. भिंत कोरडी होती. हाताची सावली भिंतीवर पडली, आणि फास त्या सावलीच्याही वर, तिच्या हाताच्या मागच्या कातडीवर दिसला.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून एक छापील चादर आणून भिंतीला ठोकली. फास चादरीवर दिसू लागला.

३

माणूस कशालाही सरावतो. आकांक्षा बायकांना हेच तर शिकवत होती. आठवड्याभरात ती त्या सावलीकडं पाठ करून निवांत बोलू लागली. एखादीनं विचारलंच तर ती म्हणे, "सजावट आहे." दोघीतिघींनी कुठून घेतली म्हणूनही विचारलं.

पण फास खाली येत होता. आधी तो तिच्या डोक्याच्या बराच वर होता, मग केसांना टेकल्यासारखा दिसू लागला. खुर्ची बदलली म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. खुर्ची तीच होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि आवाज. एखादी बाई पानाकडं बघत विचार करत बसे, तेव्हा खोली शांत होई, आणि त्या शांततेत मागून कुणीतरी चघळतंय असं ऐकू येई. सावकाश, ओलं, थांबून थांबून. जनावर पोटभर खाऊन बसलं की रवंथ करतं तसं. भिंतीपलीकडं तातेरावांची म्हैस बांधलेली असायची. तिचाच आवाज, दुसरं काय.

एकदा बाजारात तातेरावांची बायको भेटली तेव्हा तिनं सहज विचारलं, "मावशी, म्हैस बरी आहे ना?"

"म्हैस? ती तर पोळ्याच्या आधीच इकली की. आता दूध डेअरीतूनच आणून राह्यलो."

आकांक्षानं भाजीची पिशवी उचलली. गळ्याला घाम आला होता, तो तिनं ओढणीनं पुसला. त्याच दिवसापासून गळ्याभोवती तिला खाज सुटू लागली. पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज, आणि तीही एका बारीक रेषेत.

४

पुण्याच्या एका संस्थेनं तिला बोलावलं होतं. बायकांसाठी समुपदेशन करणारी संस्था, राहायला खोली, आणि पानंबिनं नकोत, नुसती पदवी पुरे. तिनं ही गोष्ट बरेच दिवस स्वतःपाशीच ठेवली. आपण कशाला अडलोय, हे तिला एका संध्याकाळी पानं लावून बघावंसं वाटलं. तिनं स्वतःला नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला कशानं धरून ठेवलंय?" आणि पान उलटायच्या आत मधल्या घरातून उत्तर आलं.

"आकांक्षाऽ, चहा ठेव गं."

आईला, सगुणाबाईंना, आजार असा कुठला नव्हता. गुडघे दुखत, पण नको त्या वेळी. आणि छातीत कळ यायची ती लेक बाहेर निघाली की. गावात लोक म्हणत, नवरा गेला, जमीन बटईला गेली, घर अर्धं बसलं, पण सगुणाबाईचा तोरा तसाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आकांक्षाला हे ऐकून एकेकाळी राग यायचा. आता ती मनातल्या मनात हो म्हणायची. आईवर तिचा जीव होता आणि आईचा तिला वीटही आला होता, आणि ह्या दोन गोष्टी एकाच ताटात जेवत होत्या.

तिनं चहा ठेवला आणि कपाबरोबरच बातमीही पुढं केली. रडारड होईल, कळ येईल, असं तिनं धरलं होतं. तसं काही झालं नाही. सगुणाबाईंनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"जा की. मी कुठं धरून ठिवलंय?"

"खरंच जाऊ?"

"जा. येशीलच."

त्या शब्दात धमकी नव्हती. धमकी असती तर भांडता आलं असतं. मग सगुणाबाईंनी आपणहून आपल्या बापाची गोष्ट काढली. बाप राजूरकडचा हेडी, बैलांची खरेदी-विक्री करणारा.

"माझ्या बापानं एक तांबडा बैल इकल्ता, लांबच्या गावाला. काही दिस गेले, अन् सकाळी बघतो तर बैल आमच्या खुंट्यापाशी उभा. गळ्यात काय न्हाई, वेसण न्हाई. धनी आला, मारीत घेऊन गेला. बैल पुन्हा आला. पुन्हा नेला, पुन्हा आला. मंग धनीच थकला. म्हणला, राहू द्या तुमच्याकडंच, ह्याला कुणी बांधलंय हेच मला कळून न्हाई राह्यलं."

"पैसे परत दिले असतील मग."

"कशाचे? माझा बाप रोज सांजच्याला मेखंवरच्या त्या दाव्याला हात लावायचा, बस्स. इकायचा बी अन् ठिवायचा बी." सगुणाबाई हसल्या. बापाचा त्यांना अजून अभिमान होता. "कुणी वढत न्हाई गं. जनावर आपून होऊन येतंय."

आकांक्षाही थोडं हसली. "आणि माझं दावं कुठंय?" तिनं थट्टेनं विचारलं.

सगुणाबाईंनी बशी खाली ठेवली. "तू काय बैल हैस का?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.

५

ती निघाली त्या सकाळी आईनं भाकरी बांधून दिली, दहीसुद्धा दिलं हातावर. कळ आली नाही, गुडघे दुखले नाहीत. तातेरावांनी बॅग बसस्टँडपर्यंत पोचवली आणि ते निघून गेले. परतूरला जाऊन रेल्वे धरायची होती. ऊन डोक्यावर आलं होतं. रसवंतीवाल्याची घुंगरं वाजत होती, आणि बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

आकांक्षाला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला नवऱ्याच्या घरी जातानाही वाटलं नव्हतं. नवरा तसा वाईट नव्हता. घनसावंगीकडचा, कमी बोलणारा. नागपंचमीला माहेरी आली ती आकांक्षा पुन्हा गेलीच नाही. का गेली नाही, ते लोकांनी विचारलं, तिनं स्वतःलाही विचारलं. पदवी असून तिला त्याचं उत्तर कधी देता आलं नव्हतं. निघावंसं वाटलं नाही, एवढंच.

तिनं सहज खाली पाहिलं. दुपारची आखूड सावली पायाशी पडली होती. तिच्या सावलीच्या गळ्यातून एक बारीक रेघ निघाली होती. ती बाकीच्यांच्या सावल्यांच्या मधून, बॅगांच्या, पायांच्या मधून वाट काढत, गावाकडच्या बोळात शिरली होती.

वर विजेच्या तारा होत्या. तारेचीच असेल. आकांक्षा चार पावलं बाजूला सरकली. रेघही सरकली. शेजारच्या बाईच्या सावलीला अशी रेघ नव्हती. तिनं गळ्याशी हात नेला आणि चाचपलं. हाताला गळाच लागला. खाली मात्र तिच्या हाताची सावली त्या रेघेवरून चालली होती, आणि रेघ जराही हलत नव्हती.

बस आली. लोक घुसले. आकांक्षानं बॅग उचलली आणि पाय पायरीवर ठेवला.

खरं सांगायचं तर कुणी ओढलं नाही. हिसका बसला नाही, गळा आवळला नाही. नुसतं तिला वाटलं, आईच्या गोळ्या वरच्या फळीवर राहिल्या, तिचा हात पुरायचा नाही. मग वाटलं, दूध झाकलं का? मग वाटलं, आज नाही गेलं तर काय बिघडेल? एकेक विचार असा साधा, असा घरचा, की त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्याच वेळी तिला हेही स्वच्छ कळत होतं की हे विचार आपले नाहीत. ते बैलाचे आहेत.

"ताई, येता का?" कंडक्टर म्हणाला.

"काहीतरी विसरलं," ती म्हणाली.

बस गेली. बॅग हातात घेऊन आकांक्षा मान खाली घालून त्या रेघेवरून घराकडं चालू लागली.

६

सगुणाबाई ओसरीतच बसल्या होत्या. लेक येताना दिसली तेव्हा त्यांच्या तोंडावर आधी समाधान आलं. आकांक्षानं ते पाहिलं आणि ती ते कधी विसरली नाही. मग ती जवळ आली, आणि तिचा चेहरा बघून म्हातारीचं समाधान विरघळलं.

"काय झालं गं? अशी काय बघून राह्यलीस?"

आकांक्षानं अंगणातल्या सावलीकडं बोट केलं. सगुणाबाईंनी पाहिलं. रेघ आता आखूड झाली होती. ओसरीची पायरी चढून त्यांच्याच मांडीपर्यंत आली होती. त्यांनी मांडीवरून लुगडं झटकलं. झटकून काही गेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुझं लगीन लागलं तवा तुझ्या गळ्यातला काळा दोरा मी काढल्ता. ध्यानात हाय?"

"मंगळसूत्र आलं, आता हा कशाला, म्हणालीस."

"डोक्यावरनं काढला. गाठ न्हाई सोडली. तसाच मेखंला लावला, दाव्यांत."

ओसरीवर चिमण्या दाणे टिपत होत्या. आकांक्षाला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "का, आई?"

"मंग? म्हातारपणी मला कोण बघणार व्हतं?"

"धाकटा सूरज होता की."

"सूरजचा बी दोरा व्हता. पुण्याला निघाला तवा त्याची गाठ मी सोडली. पोरगा हाय, त्याला पुढं जायाचं व्हतं."

हे सांगताना त्यांना लाज वाटली नाही. आकांक्षाला वाटलं, ह्या बाईच्या अंगावर धावून जावं, नखांनी बोचकारावं. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. सूरज महिन्यातून एकदा फोन करी, आई म्हणे माझं सोनं ते. आणि आपण दहा वर्षं हिचं चहापाणी, दुखणंखुपणं बघितलं, आपल्याला सोनं कुणी म्हटलं नाही. सोन्याला बांधायची गरज नसते, हे तिला आत्ता कळलं.

"मी रोज हात लावायची त्याला," सगुणाबाई पुटपुटल्या. "तू रंग देलास तवापासून न्हाई. पण मला असं नको व्हतं, आकांक्षा. असं दिसंल हे मला ठाव न्हवतं." त्या पुढं सरकल्या. "आण तो दोरा. माझ्या हातानं बांधलंय, माझ्याच हातानं सुटंल. सोडते मी. मंग जा तू, बिलकुल अडवत न्हाई."

"जाळला."

"दावी जाळलीस, म्हाईत हाय. दोरा काढून ठिवला असशील की."

"सगळंच एकत्र जाळलं, आई. मला काय माहीत त्यात काय आहे."

"गाठी सोडून?"

आकांक्षानं खाली त्या रेघेकडं पाहिलं.

सगुणाबाईंना उत्तर कळलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, चिमटीत काहीतरी धरलं आणि हवेतच गाठ सोडवू लागल्या. बोटं नुसतीच एकमेकांवर घासत होती. "सुंभ जळला, बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "पीळ कुठं जळतोय."

ह्या बाईनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी सोडायचं म्हटलं होतं, आणि सोडायला काही उरलं नव्हतं. आकांक्षानं बॅग आत नेली आणि चहा ठेवला.

७

सगुणाबाई थंडीत गेल्या. शेवटी शेवटी त्यांना भान नव्हतं, पण बोटं चालूच असत, गाठ सोडवल्यासारखी. दारात जमलेल्या बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी." आपल्याकडं असंच म्हणतात. आकांक्षा ते ऐकत उभी होती आणि तिला हसू येत होतं. आई तेवढी सुटली होती.

सूरज आला, दिवस करून निघाला. निघताना म्हणाला, "ताई, आता तूही मोकळी झालीस. चल पुण्याला."

"बघू," ती म्हणाली. त्यानं आग्रह केला नाही. त्याला कुणी बांधलेलं नव्हतं.

दुपारची कामं पुन्हा सुरू झाली. मागच्या भिंतीवरचा फास आता भिंतीवर नव्हता. दिवा लावला की तिची सावली मागं पडायची आणि तो त्या सावलीच्या गळ्यात, जिथं यायचा होता तिथं, आलेला असायचा. रेघ मात्र आता मधल्या घराकडं जात नव्हती. ती सरळ खाली जायची, फरशीवर, जिथला खुंटा उपटून तिनं सिमेंट भरलं होतं तिथं. चघळण्याचा आवाज मागून येत नसे. आता तो इतका जवळून येई की आकांक्षा मधूनमधून दात घट्ट मिटून बघायची, आवाज थांबतो का ते. कधी कधी थांबायचा.

पंधरावं पान तिनं गठ्ठ्यातून काढून टाकलं होतं. दोरा जाळा असं ती आता कुणाला सांगत नसे. पण आजवर कितीजणींना सांगितलं होतं, ते तिनं आठवून बघायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिलं.

अशात तृप्तीचा फोन आला. व्हिडिओवर ती ओळखू येईना, इतकी टवटवीत झाली होती.

"ताई, मी सुटले बघा. त्याचा नंबर बंद केला, परभणी सोडली, इथं संभाजीनगरला खोली घेतली. सगळं तुम्ही म्हणालात तसं. दोरा गळ्यात घातला, दिवसभर रडले, संध्याकाळी डोक्यावरून काढला आणि गॅसवर धरला."

"गाठ सोडली होतीत?"

"गाठ? नाही हो. तुम्ही कुठं सांगितलं होतं?" तृप्ती हसली. "तुमच्या मागची ती दोरी काढलीत वाटतं. मोकळं वाटतंय."

"हो," आकांक्षा म्हणाली. "काढली."

तृप्तीच्या मागं भाड्याच्या खोलीची भिंत होती, नवी, पांढरी. अजून कॅलेंडरसुद्धा लावलं नव्हतं तिनं. तृप्ती हसत जरा बाजूला कलली, आणि तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, त्या कोऱ्या भिंतीवर, आकांक्षाला बारीक रेघ दिसली. रेघेच्या टोकाला फास होता.

सांगायला हवं होतं. काय सांगायचं, ह्यावर तिनं एक क्षण विचारही केला. सोडा म्हणायचं, तर सोडायला हातात काय होतं?

"काय बघताय, ताई?" तृप्तीनं मागं वळून पाहिलं. "मागं काय आहे? अगंबाई, ते होय. वायर असेल कशाची तरी."

"हो," आकांक्षा म्हणाली. "वायरच असेल."

तृप्ती खोलीबद्दल सांगत राहिली, घरमालकीण कशी चांगली आहे, खिडकीतून झाड कसं दिसतं. सांगता सांगता ती गळ्याशी एका बारीक रेषेत खाजवत होती.